कोकणातल्या घरी डिस्टॉर्शन गिटार रेकॉर्ड करताना

गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो ऐकत मोठं झालेल्या माणसाला डिस्टॉर्शन म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. तारेखाली पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं साधन), ताकदीपलीकडे रेटलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यातून निघणारा करकरीत, लांब टिकणारा सूर त्याच्या कानात बसलेला असतो. इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन त्याच जातीचं आहे. अडचण येते ती घरी रेकॉर्डिंगला बसल्यावर. खोलीत अंगावर येणारा आवाज लॅपटॉपमध्ये पातळ आणि किरकिरा होतो. मग गेन (सिग्नल किती रेटायचा, म्हणजे डिस्टॉर्शन किती, ते ठरवणारा नॉब) वाढवला जातो, आवाज आणखी बिघडतो, आणि दोष स्वस्त गिटारवर ढकलला जातो.

हा लेख त्या पहिल्या बैठकीसाठी आहे. तुमच्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार, साधा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), लॅपटॉप आणि हेडफोन आहेत, आणि तुम्ही दापोलीत, रत्नागिरीत, कुडाळात किंवा मालवणात आपल्या घरच्या खोलीत बसला आहात असं मी धरून चालतो. अ‍ॅम्प नसला तरी चालेल. एवढ्या सामानात ऐकण्याजोगा टोन नक्की निघतो, फक्त कामाचा क्रम सोडायचा नाही.

क्रमाचा एवढा आग्रह का, ते सांगतो. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नलच्या लहरीचे माथे कापले जातात. माथा कापला की मूळ सुराच्या पटीत नवे हार्मोनिक्स तयार होतात आणि त्यातून ती धार येते. त्याच वेळी मोठे आवाज दाबले गेल्यामुळे बारीक आवाज त्यांच्या बरोबरीला येऊन बसतात. तारेवर घासलेलं बोट, विजेची गुणगुण, चुकून वाजलेली शेजारची तार, किंचित उतरलेला सूर, सगळं उघडं पडतं. आणि एकदा हे सगळं एकमेकांत मिसळलं की नंतर वेगळं काढता येत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त मेहनत डिस्टॉर्शनच्या आधी करायची आहे.

पायरी १: तारा आणि खारी हवा

समुद्राजवळच्या गावात गिटारच्या तारा फार लवकर काळवंडतात. गंज धरलेली तार क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या आवाजात कशीबशी चालून जाते. डिस्टॉर्शनमध्ये मात्र तिचा वरचा उजेड गेलेला आणि सूर डळमळीत झालेला लगेच कळतो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नवा सेट चढवा, प्रत्येक तार हाताने हलकेच ओढून ताणून घ्या, पुन्हा सुरात आणा आणि रात्रभर बसू द्या. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसायच्या, कंटाळा करायचा नाही. कोटिंग केलेल्या तारा महाग पडतात, पण पावसाळ्यात त्या जास्त दिवस टिकून पैसे वसूल करून देतात.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत लाकूड ओल ओढतं आणि गिटारची मान हलते. उन्हाळ्यात नीट बसवलेली गिटार श्रावणात बेसूर वाटते ती यामुळे. तपासायचं सोपं आहे: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट फक्त टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल स्क्रूने थोडं मागे घ्या, उतरलेला असेल तर पुढे. गिटार जांभ्याच्या भिंतीवर टांगू नका, पावसात त्या भिंती ओल धरतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवायचा. जॅकलाही तेच औषध.

तारेची जाडी ट्यूनिंगप्रमाणे निवडा. साध्या ई ट्यूनिंगला १०–४६ चा सेट (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) ठीक आहे. ड्रॉप सी (सगळ्यात खालची तार सी सुरापर्यंत उतरवलेली) किंवा त्याखाली उतरणार असाल तर तोच सेट लुळा पडतो, आणि लुळी तार जोरात मारली की सूर आधी चढतो, मग खाली येतो. तिथे ५२ किंवा त्याहून जाड खालची तार लागते.

पायरी २: सूर लावणे

रेकॉर्डिंगमध्ये ज्या जोराने पिक मारणार आहात, त्याच जोराने मारून ट्यून करा. हळू छेडून लावलेली तार जोरात वाजली की चढी होते. प्रत्येक टेकच्या, म्हणजे एकेका रेकॉर्डिंगच्या, आधी ट्यूनर बघायचा, आधीचा टेक कितीही छान गेलेला असो.

पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये इतकी भक्कम का लागते, हे समजून घेतलं तर बरंच काही आपोआप सुटतं. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. तंबोऱ्यावर किंवा पेटीवर सराव केलेल्यांना हे नातं माहीत आहे: २ ला ३. समजा खालचा सूर ११० हर्ट्झचा आहे आणि पंचम १६५ चा. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर जन्माला येतात. १६५ वजा ११० म्हणजे ५५, बरोबर एक सप्तक खालचा सा. म्हणून दोन तारांची कॉर्ड इतकी जाड ऐकू येते. आता त्यात शुद्ध गंधार घाला. गिटारच्या फ्रेटवरचा हा गंधार निसर्गातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे दोन शेजारच्या फ्रेटमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. क्लीन आवाजात तो खपतो, पण जास्त गेनमध्ये त्याच्यातून निघणारे नवे सूर एकमेकांशी भांडतात आणि कॉर्ड गढूळ होते. पूर्ण मेजर कॉर्ड हवीच असेल तर गेन बराच उतरवा, किंवा सा-प एका ट्रॅकवर आणि गंधार दुसऱ्या ट्रॅकवर वेगळा वाजवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात प्रत्येक ट्रॅक स्वच्छ राहतो आणि कॉर्डचा गोडवाही येतो.

न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी दाबून ठेवायची सवय लावा. हेडस्टॉकच्या बाजूला, नटच्या पलीकडचा तारांचा तुकडा रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) थांबल्यावरही किणकिणत राहतो. तिथे जुन्या सुती कापडाची पट्टी गुंफली की तो गप्प होतो. ट्रेमोलो असलेल्या गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगांमध्येही कापडाचा किंवा स्पंजचा तुकडा सरकवा. आणि पिक जाड घ्या, १ मिलिमीटरच्या आसपास. पातळ पिक वाकतं, आणि पामम्यूटची (ब्रिजजवळ तळहात टेकवून दाबून वाजवलेल्या सुराची) सुरुवात बोथट होते.

पायरी ३: वीज, अर्थिंग आणि गुणगुण

आपल्याकडची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच, म्हणून इथे जरा थांबू. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. गिटारची गुणगुण म्हणजे ते ५० आणि त्याच्या पटीतले १००, १५० वगैरे सूर. सिंगल कॉइल पिकअप ते हवेतून उचलतं. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असल्यामुळे गुणगुण बरीचशी आपसांत कटते, म्हणून जड डिस्टॉर्शनसाठी नवख्याने ब्रिजचा हंबकर वापरावा. तुमच्याकडे सिंगल कॉइलच असेल तर गिटार धरून खुर्ची हळूहळू फिरवा. एका दिशेला गुणगुण एकदम खाली जाते. तिथेच बसून रेकॉर्ड करायचं. राउटर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यापासून लांब राहा. पंखा बंद केल्याने आवाज कमी होतो का ते पाहा. बऱ्याचदा होतो, आणि मग मे महिन्यात टेक घेताना पंख्याविना बसावं लागतं.

यानंतर लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून बघा. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस यूएसबीवर चालत असेल तर विजेच्या लाइनशी संबंधच उरत नाही, आणि बहुतेक खोल्यांत याच अवस्थेत आवाज सगळ्यात शांत येतो. वीज गेली म्हणून रेकॉर्डिंग थांबवण्याचं कारण नाही, उलट ती वेळ गिटारसाठी चांगली. फक्त घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर त्यावर लॅपटॉप किंवा अ‍ॅम्प जोडू नका. चौकोनी लहरीची तिखट घरघर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं हे बहुतेक गिटारच्या बाबतीत नेहमीचं आहे. पण तारांना किंवा जॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच थांबा, सगळं बंद करा आणि वायरमनला बोलवा. जुन्या घरांत दोन भोकांचे सॉकेट असतात, अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली असते. जिथे अर्थिंग आहे तिथेही एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची पद्धत आहे, ती पाळा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत काहीशे व्होल्ट असतात, आणि ती पिन तुमच्या जिवासाठी असते. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की इंटरफेस, लॅपटॉप, अ‍ॅम्प, इंटरनेटची केबल सगळं भिंतीतून काढून ठेवा.

एवढं करून उरलेल्या गुणगुणीसाठी नॉइज गेट आहे, तो ठरावीक पातळीखालचा (थ्रेशोल्डखालचा) आवाज बंद करतो. तो डिस्टॉर्शनच्या आधी लावा. वाजवणं थांबवल्यावर आवाज बंद व्हावा, पण लांबवलेला सूर मध्येच तुटू नये, एवढाच थ्रेशोल्ड ठेवा.

पायरी ४: इंटरफेसमध्ये स्वच्छ सिग्नल

गिटारची केबल इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा. त्यावर इन्स्ट किंवा हाय-झी लिहिलेलं बटण असतं, ते दाबलेलं हवं. या इनपुटचा रोध १ मेगाओहमच्या आसपास असतो आणि गिटारच्या पिकअपला तोच मानवतो. लाइन इनपुटला लावलं तर वरचे सूर मरतात आणि आवाज घोंगडी पांघरलेला येतो.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. आता संपूर्ण गाण्यात जितक्या जोराने वाजवणार आहात त्याहून थोडं जास्त जोराने सगळ्या तारा मारा आणि मीटर बघा. शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास असावं. लाल दिवा कधीच लागता कामा नये. नवख्यांना वाटतं, नाहीतरी डिस्टॉर्शनच हवंय, मग इथेच फाटलं तर काय बिघडलं. बिघडतं. इंटरफेसमध्ये माथे कापले गेले तर येणारी खरखर कोरडी आणि बेसूर असते, आणि ती कायमची असते. २४ बिटमध्ये खाली जागा भरपूर आहे, पातळी कमी राहिली म्हणून नुकसान नाही.

विंडोजवर इंटरफेससोबत मिळणारा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) वाजवताना १२८ सॅम्पलचा ठेवा, ४८ किलोहर्ट्झला तो सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो. आत-बाहेर मिळून एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर हाताला जाणवत नाही. आवाज तुटायला लागला तर २५६ करा. मिक्सिंग करताना वाढवायला हरकत नाही. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण बंद ठेवा, नाहीतर हेडफोनमध्ये क्लीन आणि डिस्टॉर्शन दोन्ही एकत्र ऐकू येतात आणि टोनचा अंदाज पार चुकतो.

रेकॉर्ड होणारा ट्रॅक कोरडा, म्हणजे प्लगइनशिवायचा (सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या इफेक्टशिवायचा) असला पाहिजे. याला डीआय म्हणतात. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या नेहमीच्या एफएक्समध्ये (इफेक्टच्या यादीत) प्लगइन टाकलं की तुम्हाला डिस्टॉर्शन ऐकू येतं, पण फाइल कोरडीच साठते. इनपुट एफएक्समध्ये टाकलं तर मात्र डिस्टॉर्शन फाइलमध्ये पक्कं होतं. नवख्याने पहिलाच मार्ग धरावा. कारण वादन चांगलं झालं आणि टोन चुकला, तर डीआय असेल तेव्हा फक्त टोन बदलता येतो. रीपर ६० दिवस मोफत वापरून बघता येतं, त्यामुळे शिकायला ते सोयीचं आहे.

पायरी ५: अ‍ॅम्प आणि गेन

अ‍ॅम्प नसेल तर न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मोफत, मुक्त स्रोत प्लगइन घ्या. खऱ्या अ‍ॅम्पचे नमुने लोकांनी त्यासाठी तयार करून ठेवले आहेत आणि तेही मोफत मिळतात. रॉकसाठी १९८१ साली आलेल्या मार्शल जेसीएम ८०० चा नमुना, मेटलसाठी १९९२ च्या पीव्ही ५१५० चा, एवढ्यावर सुरुवात करा. शंभर नमुने उतरवून रात्र घालवू नका.

अ‍ॅम्पचे बास, मिड, ट्रेबल (खालचे, मधले, वरचे सूर) मध्यावर ठेवा आणि गेन एवढा घ्या की खोलीत एकट्याने वाजवताना छान वाटेल. मग तो तिथून सुमारे एक तृतीयांश खाली आणा. हे करताना त्रास होतो, हे खरं आहे. कमी गेनवर बोटांच्या चुका ऐकू येतात आणि सूर लवकर विझतो. पण गेन जितका जास्त तितकी लहर सपाट, आणि सपाट लहरीत पिकचा घाव उरत नाही. ड्रम आणि बाससोबत वाजताना गिटारला पुढे आणतो तो हाच घाव. शिवाय पुढे तुम्ही तोच भाग दोनदा वाजवणार आहात, आणि दोन ट्रॅक एकत्र आले की डिस्टॉर्शन आपोआप दाट होतं.

गेन कमी करूनही पामम्यूट थलथलीत वाटत असेल तर अ‍ॅम्पच्या आधी ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, खरं किंवा प्लगइनमधलं. आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि या कामासाठी आजही तेच पहिलं आठवतं. बॉसचं १९८१ चं एसडी-१ ही त्याच घराण्यातलं, आणि स्वस्त. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल बरीच वर, टोन मध्यावर. म्हणजे पेडल स्वतः फारसं डिस्टॉर्शन देत नाही. ते खालचे सूर आवरतं, मिडला उठाव देतं आणि अ‍ॅम्पला पुढून ढकलतं. खालचे सूर डिस्टॉर्शनमध्ये जाण्याआधी कमी केले की रिफ घट्ट होते. डिस्टॉर्शननंतर तेच सूर कापले तर फक्त आवाज पातळ होतो, थलथल तशीच राहते. जाडी हवी असेल तर ती नंतर इक्यूने (खालच्या-वरच्या सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) द्या.

पायरी ६: कॅबिनेट, म्हणजे निम्मा टोन

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर घरच्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरप्रमाणे सगळे सूर देत नाही. सेलेस्टियन व्हिंटेज ३० हा बारा इंची स्पीकर घ्या. त्याची पट्टी साधारण ७० ते ५,००० हर्ट्झ, त्यापुढे आवाज झपाट्याने गळतो. डिस्टॉर्शनमधून निघणारी वरची किरकिर तो स्पीकरच खाऊन टाकतो. म्हणून बॉस डीएस-१ सारखं पेडल थेट इंटरफेसला किंवा मंडळाच्या मिक्सरला लावलं की कौलात अडकलेल्या भुंग्याचा आवाज येतो. पेडलमध्ये काही खोट नसते, स्पीकरची जागा रिकामी असते.

ती जागा आयआर भरते, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. कुणीतरी खऱ्या कॅबिनेटसमोर खरा माइक ठेवून त्या जोडीचा ठसा एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये घेतलेला असतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरमध्येच आयआर टाकायची सोय आहे. एक काळजी घ्या: काही नमुन्यांमध्ये अ‍ॅम्पसोबत कॅबिनेटही आधीच घेतलेलं असतं. त्यावर पुन्हा आयआर लावली की आवाज दोनदा स्पीकरमधून गेल्याप्रमाणे कोंडतो. नमुन्याच्या वर्णनात ते लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

आयआर निवडण्याची माझी पद्धत ठरलेली आहे आणि मी ती प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. तुमची एक रिफ डीआयमध्ये रेकॉर्ड करा, तिला ड्रम आणि बासची साथ लावा, आणि चार मात्रांचा तुकडा फिरता ठेवा. अ‍ॅम्पचा एकही नॉब न हलवता दहा-बारा आयआर एकामागून एक ऐका. प्रत्येकीची पातळी सारखी करून घ्या, कारण मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. व्हिंटेज ३० किंवा ग्रीनबॅक स्पीकर आणि शुअर एसएम ५७ माइक या जोड्यांपासून सुरुवात करा. नॉब अर्धा फिरवून जो फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक आयआर बदलल्यावर पडतो, हे तुम्हाला पहिल्याच फेरीत ऐकू येईल. गिटार एकटी ऐकून निवडू नका. एकटी ऐकताना भरदार वाटणारी आयआर बासच्या जागेवर बसते, आणि गाण्यात दोघंही हरवतात. एक आवडली की ठरवून टाका आणि बाकीच्या बंद करा.

खरा अ‍ॅम्प असेल तर

एसएम ५७ हा माइक १९६५ पासून बाजारात आहे, आणि गिटारच्या कॅबिनेटसमोर आजही तोच पहिल्यांदा ठेवला जातो. त्याला ५–६ किलोहर्ट्झच्या आसपास मुळातच उठाव आहे. अ‍ॅम्प लाकडी स्टुलावर ठेवा, थेट जमिनीवर ठेवला की खालचे सूर फुगतात. टॉर्च मारून जाळीआडचा स्पीकर बघा आणि मधली गोल टोपी कुठे संपते ते शोधा. माइक त्या काठासमोर, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. टोपीच्या मध्याकडे सरकवलं की आवाज उजळ आणि तिखट होतो, बाहेर सरकवलं की मऊ आणि गडद. एकेक सेंटिमीटर हलवून प्रत्येक जागेचा छोटा टुकडा रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर तुलना करा. इक्यूला हात लावायची वेळ यानंतरच.

आवाज एवढा असावा की स्पीकरचा कागद हलला पाहिजे, पण भिंती हादरायची गरज नाही. माइक इतका जवळ असतो की खोलीचा वाटा थोडा उरतो. तरी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत माइकच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या तर बरं. माजघर किंवा धान्याची खोली ओटीपेक्षा चांगली. कौलावरचा साधा पाऊस अ‍ॅम्पच्या आवाजात बुडतो, पत्र्यावरचा बुडत नाही. त्यामुळे पत्र्याचं छप्पर असेल तर माइकचं काम दिवाळीनंतर करा, आणि पावसाळ्यात डीआय घेऊन ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ अ‍ॅम्प बंद. वाडीतल्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं तर दुपारच्या दोन तासांना कोणी हरकत घेत नाही.

पायरी ७: दोनदा वाजवणे

रुंद, भिंतीएवढा वाटणारा गिटारचा आवाज एका ट्रॅकचा नसतो. तीच रिफ क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) दोनदा वाजवायची, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन करायचा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी अजिबात येत नाही, तो मधोमधच ऐकू येतो आणि फक्त मोठा होतो. दोन वादनांमधले अगदी बारीक फरक रुंदी देतात. पण ते बारीकच हवेत. पामम्यूटचा शेवट दोन्हीकडे एकाच वेळी थांबला पाहिजे, नाहीतर रिफ विस्कटते. इथे सराव लागतो, आणि या पायरीवर दिलेला वेळ कुठल्याही प्लगइनपेक्षा जास्त फळ देतो.

दुसऱ्या बाजूला वेगळी आयआर किंवा वेगळी गिटार वापरली तर दोन्ही बाजू आणखी सुट्या होतात. झाल्यावर एकदा मोनोमध्ये ऐका. गावात गाणं फोनच्या एका स्पीकरवर, टेम्पोत किंवा मंडळाच्या साउंडवर ऐकलं जाणार आहे. मोनोमध्ये गिटार गायब होत असेल तर दोन टेक फारच सारखे आणि फेजमध्ये उलटे आहेत, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची दिशा) फिरवून बघा.

पायरी ८: इक्यू, थोडाच

८० ते १०० हर्ट्झच्या खाली हाय-पास, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर. गिटारच्या खालच्या ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा असला तरी तो भाग बासला द्या. वर ८ ते १० किलोहर्ट्झला लो-पास, म्हणजे वरचे सूर कापणारा, उरलीसुरली किरकिर तिथे जाते. २०० ते ४०० मध्ये गढूळपणा असेल तर दोन-तीन डेसिबल कमी. अडीच ते पाच किलोहर्ट्झमध्ये एखादी शिट्टी टोचत असेल तर ती शोधून अरुंद काप द्या. कंप्रेसर (मोठे आवाज दाबणारा) लागत नाही, डिस्टॉर्शनने ते काम आधीच केलेलं असतं.

मिड कापू नका. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून एकट्याने वाजवताना बास-ट्रेबल वाढवून मिड खाली करायचा मोह होतो. गाण्यात गिटारचं घर मिडमध्येच आहे. ते रिकामं केलं की फक्त झांजांवर पसरलेली खसखस आणि बासखाली दबलेली घरघर उरते. आवडत्या बँडचं एखादं गाणं शेजारच्या ट्रॅकवर ठेवा, त्याची पातळी तुमच्या मिक्सइतकी खाली आणा आणि अधूनमधून तिकडे कान द्या. त्यातल्या गिटारमध्ये किती मिड आणि किती कमी गेन आहे हे तेव्हा कळतं. सलग तासभर ऐकल्यावर कान थकतात आणि तिखटपणा कळेनासा होतो. बाहेर खळ्यात एक फेरी मारून या.

मिक्सिंगसाठी मुंबई-पुण्यातल्या मित्राकडे पाठवणार असाल तर प्रत्येक गिटारच्या दोन फाइल द्या, एक कोरडी डीआय आणि एक तुमच्या टोनची. सगळ्या फाइल गाण्याच्या अगदी शून्यापासून सुरू झाल्या पाहिजेत, मधूनच नकोत. नावात बाजू आणि भाग लिहा, सोबत गाण्याचा टेम्पो आणि ट्यूनिंग. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची मोनो वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी होते, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला एका ट्रॅकचे पस्तीसेक एमबी. गावात रेंज कमी असली तरी रात्री लावून ठेवलं की सकाळपर्यंत जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवत असाल तर ऑडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, आणि एमपी३ करू नका. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा.